गल्लीतल्या दुकानदारांचं मंडळ कसं उभं करायचं आणि कसं चालवायचं

माझं ठाण्यात नौपाड्याला आतल्या गल्लीत स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे कोण कुठे काय अर्ज करतंय ते मला आपोआप कळतं. एका मार्च महिन्यात चार जण तक्रारअर्जाची झेरॉक्स काढायला आले, किराणावाले काका, मिक्सर-कुकर दुरुस्तीवाला, केकवाली ताई आणि मेडिकलवाले, चौघंही आमच्याच गल्लीतले आणि चारही अर्ज त्याच एका तुंबलेल्या गटाराबद्दल. एकालाही माहीत नव्हतं की बाकीच्या तिघांनी पण अर्ज केलाय. चार कागद चार दिवशी चार वेगवेगळ्या माणसांच्या हातात गेले, कुणाचाच पाठपुरावा झाला नाही आणि जुलैमध्ये पाणी चौघांच्याही दुकानात शिरलं, माझ्याही. खालच्या फळीवरचे फुलस्केप वह्यांचे गठ्ठे भिजले. वही एकदा भिजली की सुकवून विकता येत नाही, कागद फुगतो, रेघा पसरतात, सगळी रद्दी.

त्या दिवाळीनंतर आम्ही मंडळ सुरू केलं आणि मी पहिली काही वर्षं सेक्रेटरीचं काम बघितलं. आता वाशी-नेरूळकडचे ओळखीचे दुकानदार, वर्तकनगरचे, घोडबंदर रोडच्या नव्या सोसायट्यांखालचे गाळेवाले विचारत असतात की हे सुरू कसं करायचं, म्हणून एकदाच क्रमाने लिहून काढतोय.

पहिलं काम, वही घेऊन दारोदार

मीटिंग बोलवू नका. बोर्ड, लेटरहेड, अध्यक्ष काहीच नको. शंभर पानी वही घ्या आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक गाळ्यात जा. वहीत काय लिहायचं, तर पाटीवरचं नाव, गल्ल्यावर प्रत्यक्ष कोण बसतं त्याचं नाव, गाळा स्वतःचा का भाड्याचा का पागडीचा, मोबाईल नंबर, उघडायची आणि बंद करायची वेळ, आणि सुट्टीचा वार. यातला गाळा कुणाचा हा रकाना महत्त्वाचा आहे कारण आपल्याकडे निम्म्या वेळा गाळ्याचा मालक मुलुंडला किंवा गावाला राहतो आणि धंदा दुसराच माणूस करतो, आणि मंडळात जो धंदा करतो तो हवा, गाळेमालकाला गटाराशी काही घेणंदेणं नसतं, त्याचं भाडं तर चालूच असतं.

वेळ सांभाळा. सकाळी बोहनी व्हायच्या आत कुणाच्याही दुकानात कागद घेऊन जायचं नाही आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला तर अजिबात नाही, त्या वेळेला गेलात की माणूस मनातून कायमचा बाजूला होतो. दुपारी दोन ते चार बरोबर, तेव्हा गिऱ्हाईक तुरळक असतं, माणूस चहा घेत असतो आणि दोन शब्द बोलतो. स्वतः जा, पोऱ्याला पाठवू नका.

प्रश्न एकच विचारायचा, या रस्त्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. मी "ड्रेनेज" असं लिहायला घेतलं तेव्हा किराणावाले काका म्हणाले, तसं नको लिहूस, "वास येतो म्हणून बायका दुकानात थांबत नाहीत" असं लिही. पुढे अर्जात मी हेच वाक्य वापरलं आणि साहेबांनी तेवढंच वाक्य मोठ्याने वाचलं.

काही जण वहीत नाव लिहू देणार नाहीत. आमच्याकडे एक कापडवाले शेठ होते, त्यांनी सांगितलं की आधीच्या एका मंडळाला मी दोन वर्षं पैसे दिले, हिशोब कधी बघायला मिळाला नाही, आता माझं नाव घेऊ नका. त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त त्यांची तक्रार वहीत लिहिली. ती पुढे आम्हाला खूप उपयोगी पडली, पैशाच्या भागात सांगतो.

मग एकच काम उचला

वहीत पाच-सहा विषय येतील. पार्किंग, फेरीवाले, गटार, कचरा, दिवे, चोऱ्या. इथे सगळे पार्किंग किंवा फेरीवाल्यांपासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात, कारण ते प्रश्न तीन महिन्यांत सुटणारे नाहीत आणि त्यात आपल्यातच दोन तट आहेत. पहिलं काम असं हवं की ज्यात सगळ्यांचा फायदा, कुणाचा तोटा नाही, एकाच ऑफिसच्या हातातलं आणि दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसणारं. चेंबरचं तुटलेलं झाकण, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे, घंटागाडीची वेळ बदलून घेणं (आमच्याकडे ती दुकानं उघडायच्या आधी येऊन जायची, मग दिवसभराचा खोक्यांचा कचरा रस्त्यावरच) अशी कामं. आम्ही गटारच घेतलं पण पूर्ण गल्लीचं नाही, दोन चेंबरमधला जो पट्टा तुंबत होता तेवढाच. ठाण्यात जोराचा पाऊस आणि खाडीला भरती एकत्र आली की पाणी ओसरायला वेळ लागतोच, ते मंडळाच्या हातात नाही, पण आपला पट्टा गाळाने भरलेला नसणं हे मागता येतं. ते मार्चमध्ये मागायचं. नालेसफाईची कामं पावसाळ्याआधी चालू असतात, जूनमध्ये अर्ज घेऊन गेलात तर तोपर्यंत माणसं आणि गाड्या भलतीकडे लागलेल्या असतात.

पहिली बैठक

रात्री साडेनऊला घेतली, सगळ्यांची शटर अर्धी खाली आल्यावर, फर्निचरवाल्यांच्या गोडाऊनमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. तीस जण आले आणि बरं वाटलं. घरी जाताना बायकोने विचारलं, बायका किती होत्या. एकही नव्हती. आमच्या गल्लीत ब्युटी पार्लर, ब्लाऊज शिवणाऱ्या, पोळी-भाजी केंद्र, केकचं दुकान, सगळं बायका चालवतात आणि त्यांना रात्री साडेनऊला घरी स्वयंपाक, मुलांचं बघायचं असतं. मग आम्ही चार दिवसांनी तीच बैठक पुन्हा दुपारी तीनला घेतली, पोळी-भाजी केंद्राच्या ओट्यावर, आणि खरं सांगतो, ती बैठक पहिलीपेक्षा कामाची झाली कारण तिथे भाषणं झाली नाहीत. तेव्हापासून एक बैठक दुपारी आणि एक रात्री असं आलटून पालटून ठेवलं.

बैठकीत पाऊण तासाच्या वर जायचं नाही. विषय आधीच कागदावर, जास्तीत जास्त तीन. कच्छी, मारवाडी, मल्याळी, उत्तर भारतीय सगळे दुकानदार असतात, मराठीत सुरू करा पण ज्याला जी भाषा येते त्यात बोलू द्या, मधे टोकू नका. येणाऱ्याची सही रजिस्टरवर घ्या, तारीख टाका, काय ठरलं ते तीन ओळीत तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचून दाखवा. हे रजिस्टर पुढे नोंदणीला, बँकेला, सगळीकडे लागतं.

अध्यक्ष त्या दिवशी निवडू नका, हे मी परत परत सांगतो. पहिल्याच बैठकीत पद वाटलं की जो मोठ्याने बोलतो त्याला मिळतं आणि ज्यांना मिळालं नाही ते दुसऱ्या बैठकीला येत नाहीत. पाच ते सात जणांची कामचलाऊ समिती करा, गल्लीच्या दोन्ही टोकांचा माणूस हवा, खाण्यापिण्याचा एक, भाड्याने बसलेला एक, कमीत कमी दोन बायका, आणि ज्या दोन दुकानांचं आपसात पटत नाही त्यातला निदान एक तरी आत घ्या. पदं कामं करून झाल्यावर, सहा महिन्यांनी. तोपर्यंत कोण खरंच ऑफिसात खेटे घालतं ते गल्लीने बघितलेलं असतं, निवड आपोआप होते.

अर्ज कसा द्यायचा

बहुतेक मंडळं इथेच ढिली पडतात. ठाण्यात महापालिकेच्या प्रभाग समित्या आहेत, आमची नौपाडा-कोपरी, तशा उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा वगैरे. प्रत्येकीचा प्रमुख सहाय्यक आयुक्त असतो, अर्ज त्याच्या नावे. नवी मुंबईत विभाग कार्यालयं आहेत, बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा, आणि तिथे आणखी एक गोष्ट आधी तपासायची की तुमचा प्रश्न पालिकेचा आहे का सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा. गाळ्याची लीज, ट्रान्सफर हे सिडकोकडे, कचरा-गटार-दिवे पालिकेकडे. चुकीच्या दारात अर्ज दिला की दोन महिने फुकट.

अर्ज एका पानाचा. एका अर्जात एकच विषय. जागा अशी लिहायची की नवीन माणूससुद्धा विचारत विचारत न जाता पोचेल, अमुक मेडिकलसमोरचं चेंबर ते अमुक सोसायटीचं गेट. कधीपासून, त्याने काय होतं, आणि नेमकं काय हवं. "योग्य ती कारवाई करावी" असं लिहू नका, "या दोन चेंबरमधला गाळ १५ मेच्या आत काढावा" असं लिहा. दोन फोटो जोडा. खाली सगळ्या दुकानांच्या सह्या आणि रबरी शिक्के, शिक्क्यांनी भरलेलं पान वेगळं दिसतं, मी झेरॉक्सवाला आहे, रोज अर्ज बघतो, मला माहितीये.

दोन प्रती न्या. एक आवक-जावकच्या खिडकीत द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. कुणी म्हणेल साहेबांच्या हातात देतो, ओळख आहे, व्हॉट्सअॅपवर पाठवलंय, ते सगळं चालेल पण शिक्का मिळाल्यानंतर. मग पंधरा दिवसांनी दुसरं पत्र, त्यात पहिल्याचा आवक क्रमांक आणि तारीख. तिसऱ्या पत्राच्या आधी त्या भागाचा ज्युनिअर इंजिनिअर कोण ते शोधा आणि त्याला जागेवर बोलवा, आणि तो येईल तेव्हा दहा जणांनी घेरू नका, दोघंच थांबा, चेंबरचं झाकण उचलायला पहार तयार ठेवा. आमच्याकडे झाकण उचललं तेव्हा आत सिमेंटच्या गोण्या, नारळाच्या करवंट्या आणि थर्माकोलचे तुकडे निघाले, म्हणजे थोडं आपलंच पाप होतं. ते तिथेच कबूल केलं आणि त्या माणसाचा सूर बदलला. गाळ एप्रिलच्या शेवटी निघाला.

काम झालं की आभाराचं पत्र पण आवक करून द्या. पुढच्या वेळी तोच माणूस फोन उचलतो.

दोन-तीन पत्रांनी हललं नाही तर माहिती अधिकार आहे, २००५ चा कायदा, दहा रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर. अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर नको, एका माणसाने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करायचा कारण तो हक्क नागरिकाला दिलाय. आपल्या महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या प्रती द्या" एवढंच विचारा. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी कामच होतं.

पैसे

आता त्या कापडवाल्या शेठजींची तक्रार. आम्ही ठरवलं की पहिलं काम होईपर्यंत एक रुपया जमवायचा नाही, झेरॉक्स माझी, चहा ज्याच्या दुकानात बसलो त्याचा. गटार साफ झाल्यावर वर्गणी सुरू केली, महिन्याला सगळ्यांना सारखी. दुकानाच्या आकारावर वर्गणी लावायची चर्चा झाली होती पण मोठा गाळा म्हणजे मोठा धंदा असं नसतं आणि जास्त देणाऱ्याला जास्त आवाज हवा असतो, म्हणून सारखीच बरी. साधं गणित, साठ दुकानं आणि दोनशे रुपये म्हणजे महिन्याचे बारा हजार, त्यात गल्लीतल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची देखभाल, पत्रव्यवहार, जादा सफाईचा माणूस एवढं आरामात बसतं. दिवाळीच्या रोषणाईचे पैसे यात मिसळायचे नाहीत, त्याची वेगळी पावती, वेगळा हिशोब, उरले तर सगळ्यांना सांगून पुढच्या वर्षी.

पैसे कुणाच्याही स्वतःच्या क्यूआर कोडवर घ्यायचे नाहीत. खजिनदार कितीही देवमाणूस असला तरी नाही, कारण त्याच्या धंद्याचे आणि मंडळाचे पैसे एका खात्यात आले की त्याच्या जीएसटी-इन्कम टॅक्सच्या हिशोबाला पण त्रास आणि संशयाला पण जागा. मंडळाचं पॅन, मंडळाचं बँक खातं, तिघांपैकी दोघांच्या सह्या. खातं होईपर्यंत पावती पुस्तक, नंबर छापलेलं, आणि रोख मोजताना दोन माणसं.

आणि हिशोब दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, एका पानावर, जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती, कुणाची वर्गणी बाकी ते नाव न घेता फक्त आकडा. आम्ही ते पान मेडिकलच्या काचेवर आतून चिकटवतो, त्यामुळे येता जाता दुकानदारच काय गिऱ्हाईकंही वाचतात. पाच महिने ते पान लागल्यावर एक दिवस शेठजी माझ्या काउंटरवर आले, काही बोलले नाहीत, पाच महिन्यांची वर्गणी मोजून ठेवली आणि पावती मागितली. आज ते खजिनदार आहेत.

नोंदणी

सहा-आठ महिने चाललं की नोंदणी करा, त्याआधी घाई नको. साधा रस्ता म्हणजे १८६० चा संस्था नोंदणी कायदा, त्याला कमीत कमी सात सभासद लागतात, आणि त्याबरोबर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीचं काम धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात, ते ठाण्यात आहेच. वकील किंवा सल्लागार करून देतो पण घटना त्याच्याकडची तयार घेऊ नका, स्वतः बसून वाचा. आम्ही चार गोष्टींवर अडून बसलो. सभासदत्व माणसाला नाही, चालू दुकानाला, म्हणजे धंदा बंद करून गेलेला माणूस मतदानाला येणार नाही. एका पदावर सलग दोनच वेळा. घटनेत गणपूर्ती किती ते स्पष्ट. आणि मंडळाचं नाव, बोर्ड किंवा लेटरहेड कुठल्याही पक्षाच्या बॅनरवर जाणार नाही.

शेवटचा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. मंडळाने एक काम केलं की दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी बॅनर घेऊन येतो की आमच्या प्रयत्नांनी. वाद घालू नका, सगळ्या पक्षांच्या लोकांना चहाला बोलवा, अर्जाची प्रत सगळ्यांना द्या, नगरसेवकाचं काम आहेच ते. पण सल्लागार, मार्गदर्शक, प्रमुख आश्रयदाते अशी पदं कुणाला देऊ नका. उद्या सत्ता बदलली की आपलं मंडळ दुसऱ्याचं समजलं जातं आणि आवक खिडकीत फरक पडतो.

नोंदणी झाली की दरवर्षी ऑडिट करून द्यावं लागतं, ते विसरू नका, एक सीए गल्लीतला किंवा ओळखीचा धरून ठेवा.

फेरीवाले, आणि आपल्या स्वतःच्या पायऱ्या

इथे मी जरा थांबून लिहितो कारण बहुतेक मंडळं याच विषयावर फुटतात. दुकानदार म्हणतो मी भाडं देतो, टॅक्स देतो, आणि माझ्या शटरसमोर गाडी लागते. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात फेरीवाल्यालाही उपजीविकेचा हक्क आहे, सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्रीची जागा सगळं त्यात येतं, आणि ते ठरवायला नगर पथविक्रेता समिती असते, अध्यक्ष महापालिका आयुक्त. तिच्यात कमीत कमी ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका, आणि हे कमी दुकानदारांना माहीत असतं की व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी पण त्या समितीवर घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. म्हणजे आपल्याला बोलायची जागा आहे. नोंदणी केलेलं मंडळ असेल, रजिस्टर असेल, तर तिथे लेखी म्हणणं मांडता येतं. रस्त्यावर भांडून काय होतं, तर गाडी येते, माल उचलते आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळं होतं तसंच.

आमच्या गल्लीत संध्याकाळी सहा-सात भाजीवाल्या मावश्या बसतात. एका बैठकीत ठराव येत होता की त्यांना उठवा, तेव्हा केकवाली ताई म्हणाली, त्या बसतात म्हणून संध्याकाळी बायका या गल्लीत वळतात, नाहीतर सरळ गोखले रोडने निघून जातील. सगळे गप्प. मग आम्ही मावश्यांना बोलावून बसलो आणि तीन गोष्टी ठरल्या, शटरच्या रुंदीएवढी जागा मोकळी, वळणावर कुणी नाही, आणि जाताना पालापाचोळा एका पिशवीत. त्यांनी लगेच विचारलं, आणि तुमच्या पायऱ्यांवरचं सामान? बरोबरच होतं. भांडीवाल्याचे टोप, माझे कार्डबोर्ड, मोबाईलवाल्याचा स्टँडी, सगळं फुटपाथवर. त्यामुळे पहिल्या दिवशी आधी आपलं सामान आत घेतलं. माझा डिस्प्ले कमी झाला आणि पहिले दोन आठवडे विक्रीला फटका बसला हे खरं आहे. पण म्हातारी माणसं फुटपाथवरून चालायला लागली.

नवी मुंबईवाल्यांनी हा मुद्दा जास्त गांभीर्याने घ्या, तिथे दुकानापुढची मोकळी जागा म्हणजे मार्जिनल स्पेस, त्यावर शेड टाकली, टेबल-खुर्च्या मांडल्या की कारवाई होतेच. मंडळाने सभासदाला वाचवायला धावायच्या आधी सभासदाला आधीच सांगायला हवं की हे काढ.

पार्किंगबद्दल थोडक्यात. सम-विषम पार्किंगचे बोर्ड, लोडिंगची वेळ हे ट्रॅफिक पोलिसांचं, पालिकेचं नाही, ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत. पण आधी एक दिवस सकाळी अकरा वाजता गल्लीत उभं राहून मोजा, त्यातल्या किती बाइक आपल्या आणि आपल्या पोरांच्या आहेत. सकाळी लागतात त्या रात्रीच निघतात. आम्ही त्या बाहेर लावायचं ठरवलं आणि गिऱ्हाईकाला जागा झाली, अर्ज करावा लागला नाही.

कायद्याची कामं एकत्र करा

एकेकट्या दुकानदाराला एजंट काहीही सांगतो. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या लायसनचंच बघा, २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यात दोन-चार माणसं कामाला असलेल्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्र लागत नाही, धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, आणि तरी लोक "लायसन रिन्यू"चे पैसे देत बसतात. मराठी पाटीचं तसंच, २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही देवनागरीत पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा पेंटरांनी दर वाढवले होते. आम्ही अठरा पाट्या एकत्र दिल्या आणि दर खाली आला, शुद्धलेखन मी तपासलं. प्लॅस्टिक पिशवीचा दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, म्हणून कापडी पिशव्या एकत्र शिवून घेतल्या, गल्लीतल्याच ब्लाऊज शिवणाऱ्या तायांकडून.

आगीचं तर नक्की करा. वर्षातून एकदा अग्निशमन दलाला पत्र देऊन प्रात्यक्षिक ठेवा, आग विझवायचे सिलेंडर सगळ्यांचे एकत्र रिफिल करून घ्या, मीटरच्या पेटीसमोर खोकी रचलेली असतील तर हलवायला लावा. आमच्या प्रात्यक्षिकात निम्म्या लोकांना पिन कशी ओढायची माहीत नव्हतं, मलाही नाही. सिलेंडर सहा वर्षं भिंतीवर होता.

एक गोष्ट मात्र मंडळात कधीच करायची नाही, भाव ठरवणं. "झेरॉक्स कुणीही दोन रुपयांच्या खाली द्यायची नाही" असा ठराव माझ्या फायद्याचाच होता आणि दोन जणांनी आणलाही होता, पण २००२ च्या स्पर्धा कायद्यात संघटनेने मिळून भाव बांधणं गुन्ह्यासारखंच धरलं जातं, मोठा दंड होतो, आणि आपल्याच गिऱ्हाईकाशी ते बरं पण नाही. दिवाळीत दुकानं किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची ते ठरवा, रोषणाई ठरवा, भाव ज्याचा त्याला.

व्हॉट्सअॅपचे दोन ग्रुप ठेवा, एकात फक्त अॅडमिन लिहिणार, सूचना आणि हिशोब, दुसरा बोलायला. सीसीटीव्हीतला फोटो "हा चोर" म्हणून टाकायचा नाही, पोलिसांना द्यायचा. एकदा आमच्याकडे असा फोटो फिरला आणि ती बाई पैसे द्यायला विसरली होती, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन देऊन गेली. तिच्या मुलाने तो फोटो बघितला होता. आम्ही दोघं जण घरी जाऊन माफी मागून आलो.

वर्षाचं चक्र आणि मोठ्या संघटना

मार्चमध्ये गटाराचं पत्र, मेमध्ये झाडांच्या फांद्या, जुलैमध्ये बैठक, गणपतीआधी खड्डे, दसऱ्याच्या आत रोषणाईचं ठरवायचं. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडला आणि तलावपाळीला पोरापोरींची जी गर्दी लोटते त्यातली थोडी आपल्या गल्लीत वळवायची असेल तर सकाळी सातला दुकानं उघडी हवीत, चहा-फराळवाल्यांनी तर हवीतच. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला पाण्याचं टेबल लावा, खर्च कमी आणि माणसं दुकान लक्षात ठेवतात.

काही प्रश्न गल्लीचे नसतातच. २०१३ मध्ये एलबीटीच्या, म्हणजे स्थानिक संस्था कराच्या विरोधात बाजार बंद झाले होते, आणि ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा तो कर १ ऑगस्ट २०१५ पासून गेला, ते एकट्या गल्लीच्या हातून झालं नसतं. त्यासाठी शहराच्या आणि राज्याच्या संघटनांशी जोडून राहा, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स तर वालचंद हिराचंदांनी १९२७ ला काढलेली संस्था आहे. पण बंदची हाक आली की हात वर करण्याआधी आपल्या गल्लीतल्या सगळ्यात लहान दुकानाला विचारा. पोळी-भाजीवाल्या ताईंची पहाटे मळलेली कणीक दुपारपर्यंत वाया जाते, स्टेशनरी दुसऱ्या दिवशी विकता येते.

पद सोडताना

दोन वेळा झाले की सोडा. सोडायच्या दोन महिने आधी पुढच्या माणसाला आवक खिडकीवर बरोबर न्या, ज्युनिअर इंजिनिअरशी गाठ घालून द्या. मग एका बैठकीत सगळ्यांसमोर द्यायचं, सभांचं रजिस्टर, शिक्के मारलेल्या अर्जांची बॉक्स फाइल वर्षाप्रमाणे, पावती पुस्तकांची स्थळप्रत, चेकबुक, पॅन, नोंदणीचं प्रमाणपत्र, कॅमेऱ्याचा पासवर्ड, दोन्ही ग्रुपचं अॅडमिनपद. बँकेत सह्या बदला. आणि नवीन कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांच्या आत धर्मादाय ऑफिसात भरा, तो राहिला की कागदावर जुनीच माणसं राहतात. आमचा ८७ व्या दिवशी भरला, केकवाली ताई नवीन सेक्रेटरी, तिने जाताना दोन प्रती नेल्या होत्या आणि शिक्का घेऊनच आली.